धोंडाबाईचे तीन सवाल

धोंडाबाईच्या तावडीतून कुणी सुटलाय, असं मार्गासनीत कधी झालं नाही. वेल्ह्याच्या रस्त्यानं कुणीही जाऊ दे, बांगड्या विकणारा कासार असो की घोड्यावर बसलेला सरकारी साहेब, धोंडाबाई दारातल्या दगडावरून उठायची, कपाळावर हात आडवा धरायची आणि खणखणीत विचारायची, "कुणाचं रं तू? कवा आलास?" दोन्ही सवालांची सरळ उत्तरं मिळाली की तिसरा सवाल ठरलेला, "जेवलास का?" आणि हा तिसरा सवाल नुसता तोंडदेखला नसायचा, हं! माणूस नको नको म्हणेपर्यंत त्याच्यापुढे भाकरी आणि कोरड्यास आलेलं असायचं. पण पहिल्या दोनांना कुणी गोलमाल उत्तर दिलं, तर साहेब असला तरी तसाच उन्हात उभा राहायचा.

गावाला त्याचं काही वाटत नसे. माणूस ओळखायचा म्हणजे तो कुणाचा आणि कधीचा, एवढंच तर ओळखायचं असतं. पण हीच धोंडाबाई एकोणीसशे सदतीस सालच्या दिवाळीनंतर लेकीकडे भोरला राहायला आली, आणि लेकीच्या जिवाला घोर लागला.

लेक म्हणजे फुलाबाई. वय चोवीस. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि चौदाव्या वर्षी, सासरी नांदायला जायच्या आधीच, कपाळ पांढरं झालं. चारचौघांनी सांगितलं, पोरीला शेतात जुंपा. धोंडाबाई कुणाचं ऐकते! तिनं पोरीला शाळेत घातलं, सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलं, आणि आता फुला भोरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. पांढरं लुगडं, हातात छत्री, बोलणं असं स्वच्छ की ती मावळातल्या शेतकऱ्याची पोर आहे हे सांगूनही कुणाला पटू नये. आणि खरं सांगायचं तर ती कुणाला सांगतही नसे.

शाळेच्या हेडबाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. त्यांच्या खुर्चीला माणूस हवं होतं मॅट्रिक झालेलं. फुलाच्या मनानं त्या खुर्चीवर केव्हाच बसकण मारली होती. सगळे विषय तिच्या हातचे, पण इंग्रजीनं दोनदा पाय ओढला होता. पहिल्यांदा सात मार्कांनी, दुसऱ्यांदा चार. आणि दोन्ही खेपांना घात केला तो एकाच प्रश्नानं, 'खालील वाक्ये चुकीची असल्यास दुरुस्त करा'. आता मार्चमध्ये तिसरी खेप. या खेपेला आपटली तर पुण्याहून नवी हेडबाई येणार, आणि फुलाला जन्मभर दुसरीच्या पोरींना पाढे म्हणून दाखवावे लागणार. एवढं सगळं त्या दहा वाक्यांवर अडलं होतं.

ती शिकायला जायची नारायणमास्तरांकडे. मास्तर इंग्रजी शाळेतून निवृत्त झालेले, माणूस देवगुणी, पण शिकवणं म्हणजे नियमांची घोकंपट्टी. विशेषणाचे नियम बारा, क्रियाविशेषणाचे अकरा, काळाचे सतरा. चाळीस नियम फुलाला झोपेतही म्हणता येत. पण समोर वाक्य आलं की कुठला नियम काढायचा तेच उमजेना. किल्ल्यांचा जुडगा हातात, आणि कुलपासमोर उभं राहून घाम फुटतोय, अशी गत. मग ती कानाला बरं वाटेल ते लिहायची, आणि दहातली पाच चुकायची.

जानेवारीतली गोष्ट. फुला मास्तरांकडे गेली आणि वही घरीच विसरली. धोंडाबाईनं ती पाहिली, पदराखाली घेतली आणि विचारत विचारत मास्तरांच्या घरी पोचली. फाटकाशी मास्तरांच्या पत्नी सौदामिनीबाई पुण्याहून आलेल्या दोन पाहुण्यांना निरोप देत उभ्या होत्या. धोंडाबाईनं त्या जरीकाठी पातळांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आपल्या सवयीनं विचारलं, "कुणाच्या गं तुमी? कवा आलासा?"

पाहुण्या एकमेकींकडे बघून फिसकन हसल्या. एकीनं तर रुमाल तोंडाला लावला. ओसरीवर बसलेली फुला वर बघेना.

"फुलाबाई," सौदामिनीबाईंनी सहज विचारलं, "तुझी वही घेऊन आल्यात वाटतं. कोण गं ह्या?"

आता तुम्हीच सांगा, याचं उत्तर द्यायला काय लागतं? दोन शब्द! पण फुलाच्या कानात ते फिसकन हसणं अजून घुमत होतं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "गावाकडच्या आहेत. आमच्याकडे कामाला असतात."

फाटक काही कोसभर लांब नव्हतं. धोंडाबाईनं ऐकलं. तिनं वही ओसरीच्या कडेला ठेवली, पदर सावरला आणि वळून चालू लागली.

संध्याकाळी फुला घरी आली ती मनातल्या मनात मरून. आता आये बोलेल, शिव्या देईल, रडेल. काय करील ते करो. धोंडाबाईनं ताट वाढलं. "हात धू. भाकर गरम हाय," एवढंच म्हणाली. फुलाला वाटलं, सुटले. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या बोळात एक अनोळखी म्हातारा सावलीला टेकला, आणि धोंडाबाई त्याच्यासमोरून पाण्याची घागर घेऊन मुकाट निघून गेली. कुणाचा नाही, कवाचा नाही. तिसऱ्या दिवशी तेच. आठ दिवस झाले, पंधरा झाले. ज्या बाईनं जन्मात कुणाला विचारल्यावाचून सोडलं नाही, तिनं भोरच्या रस्त्यात तोंडाला कुलूप घातलं. फुलाला हवं होतं ते झालं होतं. आणि तेच तिला आता घासागणिक टोचत होतं. माफी मागायला जीभ उचलायची आणि परत पडायची.

असेच एका सांजेला धोंडाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि फुला भिंतीला टेकून वाक्यांशी झुंजत होती. 'वॉकिंग डाउन द रोड, अ बिग ट्री फेल ऑन हिम.' काय चुकलंय यात? कर्ता आहे, क्रियापद आहे, भूतकाळ आहे. पुन्हा एकदा वाचून ती वैतागानं मराठीत पुटपुटली, "रस्त्यानं चालत असताना, एक मोठं झाड त्याच्या अंगावर पडलं."

चुलीपाशी थापण्याचा आवाज थांबला.

"कुठं निघालं हुतं?" धोंडाबाईनं विचारलं.

"कोण?"

"झाड गं! रस्त्यानं चालत कुठं निघालं हुतं? बाजाराला?"

फुला आईकडे बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की वही मांडीवरून घसरली. धोंडाबाईही हसायला लागली. पंधरा दिवसांचं साठलेलं हसू, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा कुठे दोघी थांबल्या.

"न्हाई, पर खरंच," धोंडाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चालनं कुणाचं हाय त्ये इचारायला नगं? मान्साचं चालनं झाडाच्या पदरात घातलंय त्या मेल्यानं. ज्याचं त्याच्यापाशी न्हेऊन बांध की. सांजच्याला गोठ्यात वासरं सोडतो तवा काय करतो? ज्याचं वासरू त्याच्या गाईपाशी. दुसरीपाशी सोडलं तर लाथ खातंय."

फुलानं पेन्सिल उचलली. चालत होता तो माणूस. मग माणूस आधी आणून चालण्याशेजारी बसवला. वाक्य सरळ झालं. तिनं घाईघाईनं पुढचं वाचलं, मराठीत सांगितलं, "तो चपळ धावतो."

"चपळ कोन? त्यो का त्येचं धावनं?"

"धावणं."

"मग धावन्याचं कापड धावन्याला घाल."

आणि फुलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बारा आणि अकरा मिळून तेवीस नियम, आणि सगळे एकाच सवालाला उत्तर देत होते: कुणाचं?

पण काळाचं काय? आपल्याकडे 'तो काल आलाय' म्हटलं तर कुणाच्या पोटात दुखत नाही. इंग्रज मात्र तिथे अडून बसतो. फुला नेमकी याच जागी दर खेपेला ठेचकाळायची. 'ही हॅज कम यस्टर्डे' हे वाक्य तिच्या कानाला अगदी गोड लागायचं. तिनं ते आईला समजावून सांगितलं, की बघ आये, त्यांच्यात 'आलाय' वेगळं आणि 'आला' वेगळं.

धोंडाबाईनं चुलीतले निखारे सारले.

"येगळंच असतंय," ती म्हणाली. "तुझ्या बाचं पत्र आलं हुतं बसऱ्याहून. जर्मनच्या लढाईत. तू अशी तीन वरसाची. पोष्टमननं दारात हुबं राहून वाचलं, 'मी खुशाल आहे.' म्या गावात साखर वाटली, फुले. घरटी चिमूटभर. म्हैन्यानं सरकारचा कागद आला. पत्र लिवल्यावर पंधराव्या दिशी गेलं हुतं त्ये. म्या साखर वाटली तवा मानूस हुतंच कुठं? पत्रातलं 'आहे' लई जुनं झालं हुतं. अन् म्या इचारलंच न्हाई पोष्टमनला, बाबा, ह्ये कवाचं लिवलंय?"

तिनं नवी भाकरी तव्यावर टाकली.

"तवापासनं म्या समद्यांना इचारती. कवाचं? कवा निघालास? कवा आलास? लोक हसत्यात, हसूंद्यात."

फुलाला रडू आवरेना. बापाचं, रखमाजीचं, नाव घरात क्वचित निघे, आणि आईच्या या सवयीचं मूळ तिनं जन्मात कधी विचारलं नव्हतं. ती उठली आणि आईच्या पायाशी बसली.

"आये, त्या दिवशी मी…"

"वाच," धोंडाबाई म्हणाली. "भाकऱ्या व्हायच्यात अजून."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे जात्यावर हा अभ्यास सुरू झाला. धोंडाबाई दळायची, फुला वाचायची आणि मराठीत सांगायची, आणि जात्याच्या घरघरीवर सवाल यायचे. कुणाचं? कवाचं? आजून हाय का सरलं? दोन गोष्टी असल्या तर आधी काय झालं? मोटार आधी गेली का तू आधी पोचलीस? फुलानं उत्तर दिलं की नियम आपोआप हजर व्हायचा. मास्तरांची किल्ली बरोबर कुलपात बसायची. इंग्रजीचं एक अक्षर न येणारी बाई मॅट्रिकचा अभ्यास घेत होती, आणि तोही सपाट्यानं! पंधरा दिवसांत फुलाची दहापैकी नऊ वाक्यं बरोबर यायला लागली, आणि फेब्रुवारीच्या शेवटी दहाच्या दहा.

नारायणमास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वही पुन्हा तपासली. "फुलाबाई, हे कसं काय जमवलंत? कुणी शिकवलं?"

नाव ओठांवर आलं होतं. पण मागे दारात सौदामिनीबाई उभ्या होत्या. आई म्हणावं तर त्या दिवशीचं खोटं उघडं पडणार. "तुमचेच नियम, मास्तर," ती म्हणाली. मास्तर खूश झाले. फुला घरी जाताना सगळ्या वाटेनं स्वतःला शिव्या देत गेली.

परीक्षेला दोघी मायलेकी सर्व्हिस मोटारीनं पुण्याला निघाल्या. शिवऱ्याला मोटार थांबली, ड्रायव्हर पाणी आणायला उतरला. रस्त्याकडेला काकड्या विकणारी एक बाई मोटारीला टेकून उभी राहिली. गप्पिष्ट, हसरी, धोंडाबाईसाठी जणू ताट वाढून ठेवलेलं. फुला वाट बघत राहिली. धोंडाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. वाक्यांना विचारायची ती, माणसांना विचारणं सोडलं ते सोडलंच.

"आये, विचार की तिला," फुला हळूच म्हणाली.

"नगं. शेरातली मान्सं हायती मोटारीत." एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघत बसली.

त्याच क्षणी फुलानं मनाशी ठरवलं, की पास होऊ दे नाहीतर नापास, हे आता निस्तरायचं.

इंग्रजीचा पेपर हातात आला. सहावा प्रश्न, दहा वाक्यं. तिनं डोळे मिटले, जात्याची घरघर आठवली आणि पहिलं वाक्य मनातल्या मनात मराठीत वाचलं. 'खोलीत शिरताना माझी टोपी खाली पडली.' टोपी शिरली व्हय खोलीत? पाय फुटले तिला? फुला परीक्षेच्या दालनात एकटीच हसली, पर्यवेक्षकानं डोळे वटारले. 'मी सात वर्षांपासून इथं राहतो आहे.' कवापासनं? सात वरसं. आजून हाय? हाय. मग मागचं नि आताचं दोन्ही धरून बांध. एकेक वाक्य उन्हात उभं राहत होतं, सरळ उत्तर देत होतं आणि भाकरी घेऊन पुढे जात होतं.

दहावं वाक्य आलं. तिनं विचारलं, कुणाचं? ज्याचं त्याच्यापाशी. कवाचं? ठीक. आधी काय, मग काय? तेही ठीक. चूक सापडेना. शेजारची मुलगी खसाखसा खोडत होती. गेल्या दोन खेपांची फुला असती तर घाबरून काहीतरी बदलून मोकळी झाली असती. पण सरळ उत्तर देणाऱ्या माणसाला आयेनं कधी अडवलं होतं का? फुलानं ठाम अक्षरात लिहिलं, वाक्य बरोबर आहे. आणि पेन खाली ठेवलं.

जूनमध्ये निकालाचं वर्तमानपत्र पुण्याच्या मोटारीनं आलं. नारायणमास्तरांच्या ओसरीवर गर्दी जमली होती. निवृत्त होणाऱ्या हेडबाई होत्या, सौदामिनीबाई होत्या, शेजारपाजारच्या बाया होत्या, आणि नव्या हेडबाईचा निर्णय करायला आलेले शाळाखात्याचे अधिकारी आनंदराव, डोक्याला फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. मास्तर नंबरांवरून बोट फिरवत होते. फुला खांबाला धरून उभी होती, खांब तिला की ती खांबाला हे कळू नये अशी.

"आहे!" मास्तर ओरडले. एवढ्या मोठ्यानं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. "आहे, फुलाबाई, आहे! पास!"

मग काय विचारता! हेडबाईंनी फुलाला कवटाळलं, सौदामिनीबाई साखरेची वाटी घेऊन आल्या, कुणी रडतंय, कुणी हसतंय. आनंदराव उठले, म्हणाले, "शाब्बास! या खोऱ्यातली शेतकऱ्याच्या घरची बाई हेडबाईंच्या खुर्चीवर बसते आहे, याचा मला फार आनंद आहे. पण दोनदा अडलेलं इंग्रजी तिसऱ्यांदा सुटलं कसं? कुणाकडे शिकलात?"

सगळ्यांनी नारायणमास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी उपरणं नीट केलं.

फुला ओसरीच्या पायऱ्या उतरली आणि तरातरा फाटकाशी गेली. धोंडाबाई बाहेर रस्त्यावर उभी होती. जानेवारीपासून तिनं त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. फुलानं तिचा हात धरला.

"फुले, सोड. मान्सं हायती."

"असू देत!" फुलानं तिला ओढतच ओसरीपर्यंत आणलं. "साहेब, नियम मला मास्तरांनी दिले, त्यांचे उपकार आहेत. पण ते कुठं लावायचे हे हिनं शिकवलं. सौदामिनीबाई, मी तुमच्याशी खोटं बोलले. ही कामाला नाही. ही माझी आये आहे. मी हिची आहे. मार्गासनीच्या धोंडाबाईची फुला."

सौदामिनीबाईंचा चेहरा पडला. त्या दिवशी फाटकाशी पाहुण्या हसल्या तेव्हा आपण त्यांना गप्प केलं नव्हतं, हे त्यांना आठवलं असणार. "काखेत कळसा नि गावाला वळसा," मास्तर स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी धोंडाबाईला वाकून नमस्कार केला. सौदामिनीबाई पुढे झाल्या आणि साखरेची वाटी त्यांनी आधी धोंडाबाईपुढे धरली.

धोंडाबाईनं चिमूटभर साखर घेतली. ती हातातच धरून ठेवली. बावीस वर्षांपूर्वीची साखर तिला आठवली असेल, दुसरं काय. मग तिनं वर्तमानपत्राकडे बोट केलं.

"ह्ये कवाचं हाय?"

"आजचं, आये! आजचंच आहे!"

तेव्हा कुठे तिनं साखर तोंडात टाकली. डोळे पुसले. पदर सारखा केला. आणि समोर उभ्या फेटेवाल्या आनंदरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळून, पाच महिन्यांचं कुलूप तोडून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"कुणाचं रं तू?"

फुला खळखळून हसली. आनंदरावांनी काठी काखेत मारली, फेटा सावरला आणि शाळकरी पोरासारखे हात जोडून म्हणाले, "सोनबाचा जी, शिवऱ्याचा."

"कवा आलास?"

"सकाळच्या मोटारीनं."

दोन्ही उत्तरं सरळ होती. धोंडाबाईनं मान हलवली.

"मग जेवलास का?"